पंखे शेवटी लावायचे

आबांनी उभ्या आयुष्यात ड्रोनला हात लावला नव्हता. तरी आमच्या ड्रोनची खोट ओळखली ती त्यांनीच.

लातूर जिल्ह्यात औशाच्या बाजूला आमचं थोडं रान आहे. तिथल्या घराच्या ओसरीत सतरंजी टाकून मी आणि माझी भाची बसलो होतो. समोर चार हातांचा सांगाडा, प्रत्येक हाताच्या टोकाला एक मोटार. पंखे काढून खोक्यात ठेवलेले. लॅपटॉपवरून एकेक मोटार फिरवून बघायचं काम चाललं होतं. तीन मोटारी सुरळीत फिरल्या. चौथी जागच्या जागी थरथरायची, मागेपुढे झटके द्यायची आणि बारीक घुमायची. दोन दिवस हेच. भाचीने मोटार बदलून पाहिली, तरी तेच.

"मामा, ह्येच कोपरं फिरंना गेलंय. मोटार तर दुसरी लावली की."

आबा, म्हणजे माझे वडील, गोठ्याकडून हात पुसत आले. वाकून बघितलं, कान दिला.

"एक फेज येईना गेलाय गं तिला. हिरीवरली मोटार फेज गेल्यावर अशीच घुमती. मोटारीला काय झालं नाही, वायर बघा."

वायर बघितली. त्या मोटारीच्या स्पीड कंट्रोलरमधून तीन तारा निघतात. मधल्या तारेवरची काळी नळी कापून काढली, तर कनेक्टरवरचा सोल्डरचा डाग मळकट, खरबरीत आणि गोळीसारखा बसलेला दिसला. नखाने ढकलला तशी तार निसटून हातात आली. डाग नव्याने दिला आणि चौथी मोटार पहिल्या झटक्यात फिरली.

यात चमत्कार काही नव्हता. विहिरीवरचा पंप तीन फेजवर चालतो, तशी ड्रोनची ब्रशलेस मोटारही तीन तारांवर चालते. बॅटरीची वीज स्पीड कंट्रोलर या तीन तारांत आळीपाळीने सोडतो, त्यातून फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि मोटारीची चुंबकं त्याच्या मागे धावतात. एक तार सुटली की क्षेत्र फिरत नाही, नुसतं मागेपुढे होतं. पंप उलटा फिरू लागला की वायरमन दोन फेजची अदलाबदल करतो. ड्रोनची मोटार उलटी फिरली तर उपाय तोच: तीनपैकी कुठल्याही दोन तारा एकमेकींच्या जागी लावायच्या. आबांनी चाळीस वर्षं जे पंपापाशी केलं, तेच इथे तळहातावर मावेल एवढ्या आकारात होतं.

दुसरी एक गोष्ट मला त्या दिवशी जास्त लागली. मोटार बदलल्यावरही खोट जागची हलली नव्हती, याचा अर्थच खोट मोटारीत नव्हती. हे उत्तर दोन दिवस आमच्या डोळ्यांसमोर होतं. आम्ही भाग बदलला, पण त्यातून मिळालेलं उत्तर वाचलं नाही.

लातूरने महाराष्ट्राला अभ्यास कसा करावा हे शिकवलं. शाहू आणि दयानंद महाविद्यालयांपासून सुरू झालेला 'लातूर पॅटर्न' आज शिकवण्यांच्या गल्ल्यागल्ल्यांत पसरला आहे आणि दूरदूरच्या जिल्ह्यांतली मुलं इथे खोल्या घेऊन राहतात. भाची त्यांतलीच एक, अकरावीत. तिच्या टेबलावर हजारो प्रश्नांची पुस्तकं आहेत, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, पुस्तकाच्या शेवटी उत्तरसूची. या अभ्यासाचं मोल मी कमी लेखत नाही. कोरडवाहू रानातल्या कितीतरी घरांत पहिला डॉक्टर, पहिला इंजिनिअर त्यानेच आणला. पण चौथी मोटार का फिरत नाही, याचं उत्तर कुठल्याही सूचीत छापलेलं नसतं. ते हुडकावं लागतं. आमच्या मुलांना हुडकण्याचा हा सराव कुठेतरी मिळायला हवा, एवढ्यासाठी मी ड्रोनचा हा संच घरी आणला.

चार कोपरे, एक मेंदू

चार पंख्यांवर उडण्याची कल्पना विमानाइतकीच जुनी आहे. १९०७ साली फ्रान्समध्ये लुई आणि जॅक ब्रेगे या भावांनी शार्ल रिशे यांच्यासोबत असं एक यंत्र बांधलं. ते जमिनीवरून उचललं गेलं खरं, पण चार कोपऱ्यांना चार माणसं धरून उभी होती. सोडलं असतं तर कलंडलं असतं. अडचण ताकदीची नव्हती, तोल सांभाळण्याची होती. चार पंख्यांचा वेग क्षणोक्षणी कमीजास्त करणं माणसाच्या हाताला झेपत नाही.

ती चार माणसं आज एका पेटीत येऊन बसली आहेत. मोबाइल फोनमुळे स्वस्त झालेले, नखाएवढे जायरोस्कोप आणि प्रवेगमापक तिच्यात असतात. यंत्र किती कललं, किती वेगाने वळतंय, हे ते सांगत राहतात आणि आमच्या संचातला 'पिक्सहॉक' बोर्ड सेकंदाला ४०० वेळा हिशेब करून प्रत्येक मोटारीला नवा हुकूम देतो. या बोर्डाचा जन्म झुरिचच्या ईटीएच विद्यापीठात, लॉरेन्झ मायर या विद्यार्थ्याने २००८ च्या सुमारास सुरू केलेल्या प्रकल्पातून झाला. त्याचा आराखडा सर्वांना खुला ठेवला गेला, म्हणून तो आज औशाच्या ओसरीत येऊ शकतो. आपल्याकडेही २००७ साली आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी 'आयडियाफोर्ज' कंपनी काढली. 'थ्री इडियट्स' चित्रपटात खिडकीबाहेर उडताना दिसतो तो ड्रोन त्यांचाच. हा धंदा विद्यार्थ्यांच्या टेबलावरून वर आला आहे, हे आमच्या मुलांना सांगायला हवं.

चारांपैकी समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन पंखे एका दिशेने फिरतात, उरलेले दोन उलट दिशेने. सगळे एकाच दिशेने फिरले तर सांगाडा स्वतःच भोवऱ्यासारखा गरगरेल. पुढे जायचं तर मागचे दोन पंखे जरा वेगात फिरतात, यंत्र पुढे झुकतं आणि सरकतं. जागेवर वळायचं तर एका जोडीचा वेग वाढतो, दुसरीचा उतरतो. शेपूट, सुकाणू काही लागत नाही. सगळा खेळ चार वेगांचा.

जुळणी

आमचा सांगाडा ४५० मिलिमीटरचा होता, म्हणजे समोरासमोरच्या दोन मोटारींतलं अंतर तेवढं. '२२१२' आकाराच्या, १००० केव्हीच्या चार मोटारी. इथला केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नव्हे. पंखा नसताना दर व्होल्टला मिनिटाला किती फेरे, ते हा आकडा सांगतो. सोबत ३० अँपिअरचे चार स्पीड कंट्रोलर, १० इंची पंखे, तीन सेलची २२०० एमएएच लिथियम पॉलिमर बॅटरी, रेडिओ, त्याचा रिसीव्हर आणि जीपीएस.

खरेदीआधी एक हिशेब करायचा, तो आम्ही वहीत केला. अशी एक मोटार या पंख्यासोबत साधारण ८०० ग्रॅम उचल देते, चारांची मिळून तीन किलोच्या वर. सगळं जोडून यंत्राचं वजन भरतं एक किलोच्या आसपास. उचल वजनाच्या किमान दुप्पट असली पाहिजे, म्हणजे अर्ध्या जोरावर यंत्र तरंगतं आणि उरलेला जोर सावरायला शिल्लक राहतो. ज्याला हा हिशेब समजला, तो पुढे भलता कॅमेरा त्याला लटकवणार नाही.

मग सोल्डरिंग, म्हणजे डाग देणं. लहानपणी दारावर कल्हईवाला यायचा, त्याचं काम ज्यांनी पाहिलं त्यांना हे समजायला सोपं. तो आधी भांडं तापवायचा, नवसागराने साफ करायचा, मग कथील फिरवायचा. तापल्या भांड्यावर कथील आपोआप पसरायचं. इथे नवसागराचं काम फ्लक्स करतो. डाग देताना तार आणि कनेक्टर तापवायचे, सोल्डरची तार त्यांना टेकवायची. ती वितळून आत ओढली गेली आणि चकचकीत पसरली, तर डाग पक्का. सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर सोल्डर वितळवून थंड तारेवर ठिपका ठेवला, तर तो वरवर चिकटतो. आमचा चौथा कोपरा असाच फसला होता.

जुळणी झाली म्हणून लगेच बॅटरी जोडायची नसते. आधी मल्टिमीटर लावून लाल आणि काळी तार कुठे एकमेकींना भिडत नाही ना, हे बघायचं. पहिल्या जोडणीच्या वेळी लाल तारेत गाडीच्या ब्रेक लाइटचा १२ व्होल्टचा बल्ब मध्ये घालायचा. शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटतो आणि करंट आपल्यावर घेतो. नसेल तर क्षणभर लुकलुकून मंदावतो. दहा-वीस रुपयांचा बल्ब हजारो रुपयांचा बोर्ड वाचवतो.

आणि सगळ्यांत वरचा नियम, जो भाचीने खडूने ओसरीच्या भिंतीवर लिहिला: पंखे शेवटी लावायचे. जुळणी, सॉफ्टवेअर, मोटारींची दिशा, रेडिओची चाचणी, यातलं काहीही बाकी असताना पंखा मोटारीवर नको. १० इंची पंखा मिनिटाला हजारो फेरे घेतो. तो बोटं कापतो, डोळा घेऊ शकतो. टेबलावर लॅपटॉपचं एक चुकीचं बटण दाबलं गेलं, तर बिनपंख्याची मोटार नुसती फिरते. पंखा असेल तर यंत्र अंगावर येतं.

दुखणं कुठलं, हे यंत्रच सांगतं

नवशिक्याच्या ड्रोनची दुखणी ठरावीक असतात आणि प्रत्येकाचं लक्षण वेगळं.

उचलता उचलता यंत्र एका बाजूला उलटलं, तर जोर कमी पडला असं समजून पुन्हा थ्रॉटल देऊ नका. पंखा चुकीच्या कोपऱ्यात बसलाय, मोटार उलटी फिरतेय, मोटारींच्या तारा बोर्डावर चुकीच्या क्रमांकाला गेल्यात, किंवा बोर्डावरचा बाण पुढे नाही. कारण बहुधा या चारांतलंच असतं. पंखे काढा आणि एकेक तपासा.

हवेत थरथर होत असेल तर आधी पंख्याकडे बघा. पंख्याची एक पाती दुसरीपेक्षा जड असली की कंप सुटतो आणि जायरोस्कोपला तो कंप यंत्राचा कल वाटतो. पंखा बारीक दांडीवर आडवा तोलून धरायचा आणि हलक्या पातीला चिकटपट्टीचा तुकडा लावायचा, वजनकाट्याचं पारडं बरोबर करतात तसा. पंख्यात दोष नसेल तर सांगाड्याचे स्क्रू बघा. त्यानंतरच सॉफ्टवेअरमधल्या आकड्यांना हात लावा.

वारा नसताना यंत्र एकाच बाजूला सरकत असेल, तर ते सपाट फरशीवर ठेवून प्रवेगमापक पुन्हा जुळवायचा. जीपीएसवर उभं ठेवल्यावर ते मोठमोठ्या गिरक्या घेऊ लागलं, तर दोष बहुधा होकायंत्राचा. बॅटरीच्या जाड तारांतून करंट वाहतो आणि त्याच्या चुंबकत्वाने होकायंत्र भरकटतं. म्हणून जीपीएस आणि होकायंत्राची गोल डबी उंच दांडीवर बसवतात.

यंत्राच्या डॉक्टरकीचा एक नियम आहे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पंखा, स्क्रू आणि आकडे एकदम बदलले आणि थरथर थांबली, तर कशाने थांबली हे कधीच समजत नाही. भाची आता वही ठेवते. डाव्या पानावर लक्षण, उजव्या पानावर काय बदललं आणि काय झालं.

बॅटरीला जपा

ड्रोनच्या सुट्या भागांत मला भीती वाटते ती बॅटरीची. तीन सेलची बॅटरी पूर्ण भरली की १२.६ व्होल्ट दाखवते, म्हणजे दर सेलला ४.२. उडताना दर सेलला ३.५ च्या खाली जाऊ द्यायची नाही. त्यासाठी तारेला छोटा भोंगा लावतात, तो वाजला की उतरायचं. क्षमतेचा ८० टक्के भाग वापरायचा, बाकी शिल्लक. एक किलोचं यंत्र तरंगताना १५ अँपिअरच्या आसपास करंट ओढतं, म्हणजे हातात मिळतात जेमतेम सात मिनिटं. नवशिक्याने पाच धरावीत.

चार्जिंग बॅलन्स चार्जरनेच, २२०० एमएएचला २.२ अँपिअरने, फरशीवर, वाळूची बादली जवळ ठेवून आणि कुणीतरी समोर बसून. रात्री लावून झोपायचं नाही. लातूरच्या एप्रिल-मे महिन्यांत बंद गाडीत बॅटरी विसरणं म्हणजे आगीला बोलावणं. ठेवायची असेल तर दर सेलला ३.८ व्होल्टवर आणून ठेवायची. फुगलेली बॅटरी कितीही महागाची असो, पुन्हा वापरायची नाही.

रात्रीचे दिवे आणि दिवसाचे नियम

२०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्याने ड्रोनची वेगळीच बाजू पाहिली. बीड, जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतल्या गावांवर रात्री ड्रोन घिरट्या घालतात, चोर घरं हेरतात, अशा बातम्या आणि अफवा पसरल्या. गावकरी काठ्या घेऊन जागे राहिले. विषय विधिमंडळापर्यंत गेला. मी त्या भीतीला हसत नाही. डोक्यावर काहीतरी फिरतंय, ते कुणाचं आणि कशासाठी हे ठाऊक नाही, ही माणसाची रास्त भीती आहे. म्हणून उडवणाऱ्याचं पहिलं कर्तव्य, आपण कोण आणि काय उडवतोय हे शेजारपाजारच्यांना आधी सांगणं. आम्ही शेजारच्या रानवाल्यांना सांगितलं, पोलीस पाटलांच्या कानावर घातलं आणि अंधारात कधी उडवलं नाही.

कायदा २५ ऑगस्ट २०२१ च्या 'ड्रोन नियमां'त आहे. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, त्यावर दोन किलोपर्यंत मायक्रो. नॅनोला, आणि धंद्यासाठी नसलेल्या मायक्रोला, पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. पण आमच्यासारख्या एक किलोच्या यंत्राची नोंदणी करून ओळख क्रमांक घ्यावा लागतो. परवानगी न लागणाऱ्या हरित क्षेत्रात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत उडवता येतं. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते आणि त्याहून जवळ परवानगीशिवाय उडवायचंच नाही. लातूरचा विमानतळ शहराच्या पश्चिमेला चिंचोलीराववाडीजवळ आहे आणि आमचं रान दक्षिणेला, तरीही प्रत्येक वेळी सरकारच्या 'डिजिटल स्काय' संकेतस्थळावरचा नकाशा बघूनच आम्ही निघतो. सण, सभा, बंदोबस्ताच्या काळात प्रशासन तात्पुरती बंदी घालतं, तीही बघायची. नियम मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. पण दंडापेक्षा मला शेजारच्या आवारातलं रांगतं पोर जास्त आठवतं. यंत्र नेहमी नजरेसमोर, आणि माणसाच्या डोक्यावरून कधीच नाही.

पहिलं उड्डाण

सोयाबीन निघालेलं रान, सकाळचे साडेसहा, वारा पडलेला. विजेची तार दूर, बांधावर बाभळ नाही. आदल्या रात्री बिनपंख्याच्या यंत्रावर शेवटची चाचणी झाली होती: रेडिओ मुद्दाम बंद केला तर मोटारी थांबतात की नाही. थांबल्या.

आता पंखे लावायची वेळ होती. भाचीने प्रत्येक पंख्याची दिशा मोटारीशी ताडून पाहिली, नट आवळले, मग भिंतीवरचा दुसरा नियम तोंडाने म्हटला: रेडिओ आधी सुरू, बॅटरी नंतर, उतरल्यावर बॅटरी आधी काढायची, रेडिओ नंतर बंद. यंत्राची मागची बाजू आपल्याकडे, तोंड पलीकडे, म्हणजे डावं ते डावंच राहतं. यंत्र आपल्याकडे तोंड करून उभं राहिलं की डावं-उजवं उलटं होतं आणि नवशिका तिथेच चुकतो. म्हणून ती महिनाभर लॅपटॉपवरच्या सिम्युलेटरवर उडवत होती आणि पडत होती.

आम्ही दहा पावलं मागे उभे राहिलो. मोटारी फिरल्या, धसकटांतली धूळ उडाली. जमिनीलगत पंख्यांचा वारा उलटून वर येतो आणि यंत्र डुलतं. घाबरून तिथेच रेंगाळलं तर उलटतं. भाचीला हे माहीत होतं. तिने न थांबता एकदम कमरेच्या वर नेलं. ते स्थिर झालं. टिटवी ओरडत उठली. चाळीस सेकंदांनी भाचीने खाली आणलं, शेवटच्या हातभर उंचीवर घाई झाली, यंत्र ढेकळावर तिरकं टेकलं आणि एका पंख्याचं टोक उडालं. तिने आधी थ्रॉटल शून्य केला, मोटारी थांबवल्या, थांबल्याची खात्री केली आणि मगच पुढे पाऊल टाकलं. कोसळतं यंत्र हाताने झेलायला ती धावली नाही, याचं मला उड्डाणापेक्षा जास्त समाधान वाटलं.

आबा धुऱ्यावर उभे राहून बघत होते. त्यांच्या मागे खोपीत पाठीवरचा फवारणी पंप टांगलेला होता. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी, शेतमजूर गेले, तेव्हापासून आईने आबांना एकट्याने फवारायला जाऊ दिलेलं नाही. आज फवारणीचे ड्रोन आले आहेत. २०२१ च्या डिसेंबरमध्ये केंद्राने त्यांची कार्यपद्धती जाहीर केली आणि 'नमो ड्रोन दीदी' योजनेत बचत गटांतल्या बायकांना ते चालवायला शिकवलं जातं. ते यंत्र आमच्या यंत्राचा थोरला भाऊ. त्याचेही पंखे तसेच, मोटारींना तारा तीनच, आणि डागही तसाच कच्चा राहू शकतो. गावोगाव हे ड्रोन येतील तेव्हा ते दुरुस्त करायला पुण्या-हैदराबादकडे पाठवायचे की लातूरच्याच मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात, याचं उत्तर आज ओसरीत बसून पंखे काढणाऱ्या मुलामुलींकडे आहे. आमच्या पॉलिटेक्निकांनी, शाळांच्या प्रयोगशाळांनी असे संच मुलांच्या हातात द्यावेत आणि बिघडू द्यावेत. बिघडल्याशिवाय हे शिक्षण सुरू होत नाही.

दिवाळीच्या तोंडावर आमची विहिरीवरची मोटार बंद पडली. बटण दाबलं की नुसती घुमायची. आबा टॉर्च आणि पक्कड घेऊन निघाले, त्यांच्या मागे मल्टिमीटर घेऊन भाची. स्टार्टरच्या पेटीपाशी आबांनी सवयीने झाकण उघडायला हात घातला, तसा तिने तो धरला.

"आबा, आधी मेन पाडा. मग वायर बघू."

आबांनी मेन पाडला.